सुकरीच्या नावाचं गाणं

करिष्मा मडावीच्या मायला वाघानं नेलं, तेव्हा करिष्मा अकरावीत होती. चामोर्शी तालुक्यातल्या त्यांच्या गावात मोहाचा हंगाम चालू होता. तिची माय सुकरी पहाटे फुलं वेचायला गेली, ती परत आलीच नाही. करिष्माचा बाप वारलू गावकऱ्यांना घेऊन रानात शिरला. "सुकरी वो! सुकरी!" त्याच्या हाका दुपारपर्यंत गावात ऐकू येत होत्या. मग एकाएकी थांबल्या. गावानं काय ते ओळखलं.

पोरगी त्यानंतर बोलेनाशी झाली. शेजारचा अजय झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड वाजवायचा. कुण्या कलाकारानं टाकून दिलेली गिटार त्याच्याकडे पडून होती. ती त्यानं तिच्या मांडीवर ठेवली.

"बोलू नोको, पण वाजव तं."

तिची बोटं सोलून निघाली, बारावी जेमतेम सुटली, पण हात बसला. पुढं ती कॉलेजला नागपुरात गेली, मागोमाग अजय हॉटेलात कामाला आला आणि दोघांनी 'राखड' नावाचा बँड उभा केला. झाडी बोलीतली गाणी, खरखरीत गिटार. ऐकायला मोजकी पोरं येत.

एकदा सराव करताना तिच्या तोंडून बापाची ती हाक निघाली. अजयनं त्या हाकेखाली ठेका धरला. तेवढं एक गाणं फोनाफोनी पसरलं. पुण्याची, बंगळुरूची बोलावणी आली. पोरं हात वर करून नाचत आणि एका सुरात ओरडत, "सुकरी वो! सुकरी!" करिष्माला भरून येई. मायचं नाव एवढ्या तोंडी!

वारलूनं गाणं कधी ऐकलं नव्हतं. नागपूरच्या कार्यक्रमाला तिनं त्याला हट्टानं आणलं, पुढच्या खुर्चीत बसवलं. डोळे मिटून ती गायली. उघडले, तर खुर्ची रिकामी. तो बाहेर मोटारसायकलींच्या आडोशाला उकिडवा बसला होता.

"बाबा, काऊन उठून आला?"

"हासून राह्यले होते ते."

"त्याईले आवडते गाणं."

"गाणं नोहे ते," वारलू म्हणाला. "मी तुह्या मायले हाका मारल्या होत्या. तिनं ओ द्यावी म्हणून. ह्या लोकाईले काय, तिनं ओ देल्ली काय न् नाई काय."

सकाळच्या एसटीनं तो गावी गेला.

पुण्याच्या पुढच्या कार्यक्रमात तिनं ते गाणं गायलंच नाही. लोक आधी ओरडले, मग शिट्ट्या मारू लागले, मग निघून गेले. आयोजकानं पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्यांचेही हळूहळू बंद झाले.

"तुही माय होती, मले मान्य आहे," अजय म्हणाला. "पण ठेका माहा होता. मी काय परत हॉटेलात ताटं उचलू?"

तो दुसऱ्या बँडमध्ये गेला. तिथं एक नवी मुलगी तेच गाणं गाऊ लागली. तिला वाघ माहीत नव्हता, सुकरी कोण तेही माहीत नव्हतं. आवाज मात्र गोड होता.

करिष्मा चंद्रपूरला येऊन पोरांना गिटार शिकवू लागली. स्वतःची नवी गाणी एका खोलीत रेकॉर्ड करी. ती फारशी कुणी ऐकली नाहीत. उन्हाळ्यात गावी गेली तेव्हा तिनं बापाला सगळं सांगितलं. आपण सोडलं, पण गाणं काही थांबलं नाही, हेही सांगितलं.

वारलूनं ऐकून घेतलं. मग उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.