गाडीच्या दारातला भंडारा

ज्ञानूनं घरातलं आणि घराभोवतीचं सगळं पाणी ओतून दिलं होतं. रांजण पालथा घातला, हौदाचं बूच काढलं, गोठ्यामागं पडलेले ट्रॅक्टरचे टायर ओढत नेऊन लांब माळावर टाकले. तरी घरात डास होतेच, आणि तेही दिवसाढवळ्या.

त्याची थोरली पोर अंकिता डेंग्यूनं शिरूरच्या दवाखान्यात पडली होती. डॉक्टर रोज प्लेटलेट तपासायचे आणि त्या रोज कालच्यापेक्षा कमीच निघायच्या. बायको हर्षदा पोरीच्या उशाशी होती. रांजणगावजवळच्या वस्तीवर उरली होती ती त्याची म्हातारी आई गिताबाई आणि पाच वर्षांचा सार्थक. पोरीला जे झालं ते पोराला होऊ नये, एवढंच आता ज्ञानूच्या हातात होतं. सार्थकला मामाकडं दौंडला धाडावं, तर मामाच्या घरातही दोघं तापानं अंथरूण धरून होते.

सकाळी आरोग्यसेवक येऊन गेला. त्यानं बॅटरी मारून सांदीकोपरा बघितला, माळ्यावर चढला, मोरीची जाळी उचलली. काही सापडलं नाही. जाताना त्यानं सांगितलं, की हा पायांवर पांढरे पट्टे असणारा डास लांबून येत नाही. साठलेलं पाणी याच घराच्या आसपास कुठंतरी आहे. कुठं, म्हणून ज्ञानू विचारतोय तोवर तो अंगणाबाहेर पडला होता. त्याला अजून अख्खं गाव फिरायचं होतं.

तो गेल्यावर ज्ञानूनं पुन्हा सगळं धुंडाळलं. मोरीच्या कडेचा अळू मुळासकट उपटला. फुटक्या कौलांच्या ढिगातलं एकेक कौल उलटं करून पाहिलं. तुळशीच्या कट्ट्याला पडलेल्या भेगेतसुद्धा त्यानं बोट घातलं. मग नळावर हात धुऊन तो हर्षदाचा डबा घेऊन निघाला आणि गाडीत बसला.

दार ओढून घेतलं तसं आत पाणी डचमळलं. हा आवाज रोजचाच होता. ज्ञानूनं चावी लावली. दाराच्या आतला पुठ्ठा ओल धरून फुगला होता आणि एका कोपऱ्यात सुटला होता. त्या फटीतून एक डास निघाला आणि त्याच्या मनगटावर बसला. काळा, बारीक. पायांवर पांढरे पट्टे.

ज्ञानूचा हात चावीवरच राहिला.

गाडी म्हणजे जुनी मारुती, दौंडच्या एका कारकुनाकडून घेतलेली. वस्तीवरची पहिली चारचाकी. घरी आणायच्या आधी ती बिरोबाच्या माळावर नेली होती. भावकीनं चांगभलं म्हणत टपावर, बॉनेटवर भंडारा उधळला. गिताबाईचं तेवढ्यावर भागलं नाही. देव वरवर नको, गाडीच्या आत बसला पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिनं काचा खाली करायला लावल्या आणि चारही दारांच्या फटींत ओंजळीओंजळीनं भंडारा सोडला.

पाऊस लागला तसं काचेच्या वाळक्या रबरातून पाणी दारात उतरू लागलं. ते निघून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांत भंडाऱ्याचा लगदा बसला आणि सुकून घट्ट झाला. गॅरेजवाला मच्छिंद्र मेस्त्री एकदा खिळा घेऊन भोकं मोकळी करायला बसला होता. गिताबाईनं त्याचा हात धरला. "देवाचा भंडारा हाय त्यो. चिखलात पाडतोस व्हय, लोकांच्या पायदळी?"

"मग राहू द्या मावशी," मच्छिंद्र म्हणाला. "देव पाण्यात पवतोय तर पवू द्या." ज्ञानूही हसला होता. दसऱ्याला गाडी धुवू तेव्हा बघू, म्हणून त्यानं काम ढकललं होतं.

आणि याच गाडीत अंकिता शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसायची, कारण घरात सार्थक तिच्या वह्या ओढायचा. ती दवाखान्यात गेल्यापासून सार्थक दिवसभर तिथंच बसून स्टेअरिंग फिरवत होता. बाहेर डास चावतील म्हणून आजीच त्याला आत बसवायची. काचा वर करून.

ज्ञानू उतरला. ओरडून त्यानं आईला परात आणायला सांगितली आणि स्वतः पाना-पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चिखलात गुडघ्यावर बसला. गिताबाई परात घेऊन आली, त्याच्या हातातलं हत्यार पाहिलं आणि जागीच थांबली.

"ज्ञान्या, दसऱ्याला म्हणलं व्हतं ना?"

"आये, परात धर. खाली सांडू देत न्हाई. धर."

तिनं परात दाराखाली धरली. लगदा दगडासारखा झाला होता. ज्ञानूनं हाताच्या तळव्यानं ठोकून पातं आत घुसवलं, फिरवलं, पुन्हा ठोकलं. एकदम पिवळं, कुजकं पाणी सुटलं. त्याचा हात कोपरापर्यंत भिजला. परात भरत आली तसं गिताबाईनं ती उजेडाकडं कलती केली. पाण्यात काहीतरी वळवळत होतं. तळापासून वर, वरून तळाला. एक नाही, सगळं पाणीच हलत होतं.

"हे काय हाय रं?"

त्यानं सांगितलं.

गिताबाई परात उचलून उन्हात तापलेल्या खडकापाशी गेली, ती तिथं उपडी केली, आणि ज्या भंडाऱ्याला ती कधी पाय लागू देत नव्हती, त्या पिवळ्या ओलाव्यावर अनवाणी पायानं उभी राहिली. टाचेनं रगडत राहिली. पाणी कधीच सुकून गेलं होतं, तरी रगडत राहिली. ज्ञानूनं दुसऱ्या दाराला हात घातला तेव्हा परात घेऊन ती स्वतःहून आली. चारही दारं त्यांनी अशीच मोकळी केली.

शेवटचं दार झालं तेव्हा सार्थक ओट्यावर येऊन बसला होता. भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. एरवी असं काही चाललं असतं तर तो परातीत हात घालायला धावला असता. ज्ञानू त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम लागलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की इतका वेळ पाण्यात राहून आपलाच हात गार पडला आहे. त्यानं हात पँटला पुसला, तळवे एकमेकांवर चोळले आणि पुन्हा लावून पाहिला. काही कळेना.

"आये, तू बघ."

गिताबाई दोन पावलं पुढं आली. तिचेही हात ओलेच होते. तिनं ते पदरात गुंडाळून घेतले आणि मान हलवली. "माझ्यानं न्हाई बघवत."

"डोकं दुखतंय का रं?" ज्ञानूनं पोराला विचारलं.

सार्थकनं डोळ्यांवर बोट ठेवलं. "हितं दुखतंय."

ज्ञानूनं त्याला उचललं. गाडीच्या काचा खाली केल्या, पोराला मागं बसलेल्या आजीच्या मांडीवर दिलं आणि दार लावलं. आता आतून कसलाच आवाज आला नाही. त्यानं गाडी शिरूरच्या रस्त्याला घातली. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर तो वळून पोराकडं पाहत होता, आणि गिताबाई पोराच्या कपाळाला हात न लावता त्याचे तळपाय चोळत होती.