बरगडीवर धरलेला नेम

"भित्रा! दुसरा शब्दच नाही त्याला!" चागो न्हावी वस्तरा हवेत नाचवत ओरडला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने घाबरून मान आत ओढून घेतली.

चागोचं दुकान म्हणजे बदामाच्या झाडाखाली एक खुर्ची आणि फांदीला टांगलेला आरसा. समोरच माझ्या दारात तळणाची कढई. भित्रा म्हणत होता तो माझ्या मुलाला, रादामेसला. मी ऐकते आहे हे चागोला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गल्लीत बेसबॉलवर बोलताना कुणी आवाज खाली आणत नाही, मग ते चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या आईचं दार का असेना.

"अरे न्हाव्या, दुसऱ्यांचीच डोकी भादरतोस. कधी स्वतःचंही वापर," म्हातारा नेरेओ म्हणाला. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर झाडाखाली डॉमिनो मांडून बसतो. "सामना बरोबरीत. शेवटचा डाव. अशा वेळी समोरच्याला मुद्दाम चेंडू मारायचा आणि फुकट पहिल्या बेसवर नेऊन बसवायचा? त्यापेक्षा त्याला बाद करायला गेला. याला अक्कल म्हणतात."

"आणि होमरन खाल्ला! सामना गेला!"

"खाल्ला. पण माणसासारखा खाल्ला."

"माणसासारखा!" चागोने फेस झटकला. "आपल्या संघातल्या पोराच्या बरगडीवर त्यांनी चेंडू हाणला, पोरगा स्ट्रेचरवरून गेला. आपल्या मॅनेजरने टोपीला हात लावून खूण केली, अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली. मार म्हणून. आणि हा टाकतो कुठे, तर मधोमध! आता त्यांना कळलंय, यांचा पिचर उलटून मारत नाही. रोज हाणतील. आपल्या पोरांनी बॅट घेऊन उभं राहायचं ते कुणाच्या भरवशावर?"

मला राग आला तो चागोचं म्हणणं पटत होतं म्हणून. मी चार पोरं या कढईवर वाढवली. कुणी माझ्या पोराला मारलं तर मी देवाच्या न्यायाची वाट पाहत बसले नाही, झारा घेऊन त्याच्या दारात गेले. पण घरचं दारात बोलायचं नसतं.

"चागो," मी म्हटलं, "आयुष्यात तुझ्या अंगावर वेगाने एकच गोष्ट आली, तुझ्या बायकोची चप्पल. तीसुद्धा तुला चुकवता आली नाही. तू बरगड्यांच्या गोष्टी करू नकोस."

झाडाखाली हशा पिकला. चागोही हसला. मी गॅस बारीक केला आणि आत गेले.

रादामेस सकाळच्या बसने आला होता, तो आतच होता. खिडकीकडे पाठ करून कॉफी ढवळत बसला होता. सगळं त्याच्या कानावर पडलं असणार, आमच्या भिंती पत्र्याच्या.

चौतीस वर्षांचा माझा मुलगा. लहानपणी मोज्यांचा गोळा दोऱ्याने आवळून चेंडू करायचा आणि कुंपणावरच्या डब्यांवर नेम धरायचा. पुढे अमेरिकेत गेला, तिथल्या धाकट्या संघांतून बसमध्ये झोपत हिंडला, मोठ्या संघाचं बोलावणं काही आलं नाही. परत आला. तेव्हापासून हिवाळ्यात इथे खेळतो, उन्हाळ्यात कुणी बोलावेल तिथे. त्याच्या तसबिरी कुणी भिंतीवर लावत नाही. पण आमच्या गल्लीत त्याचं नाव घेतल्यावर 'कोण?' असं कुणी विचारत नाही.

"मारायचा होतास त्याला," मी म्हटलं. "माझा मुलगा म्हणवतोस ना? एवढी खूण केली तुला. कुणाची दया आली?"

तो कॉफी ढवळत राहिला.

"आई, मी मारायलाच टाकला होता."

"काय?"

"बरगडीवर नेम धरला होता. डाव्या. गेला नाही तिकडे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो कॉफी डाव्या हाताने ढवळतो आहे. उजवा हात मांडीवर होता, कुणी तिथे आणून ठेवावा तसा. मी मागे जाऊन त्याच्या खांद्यावर बोटं ठेवली. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण जन्मभर कोंबड्यांचे सांधे मोडले आहेत. सांधा कसा लागायला हवा ते हाताला माहीत असतं. हा तसा लागत नव्हता.

"कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून. कुणाला सांगितलं नाही." मग हळूच म्हणाला, "सोमवारी मेक्सिकोच्या संघाचा माणूस मला बघायला येणार आहे. तोवर विश्रांती मिळाली तर सुटेल कदाचित. एक हंगाम, आई. मग सोडतो."

बाहेर चागोचं चालूच होतं. भित्रा, भित्रा. नेरेओ म्हणत होता, सज्जन, सज्जन. मी ऐकत उभी राहिले. भित्र्या पिचरला मेक्सिकोत काम मिळतं. सज्जनालाही मिळतं. हात गेलेल्याला कुठेच मिळत नाही.

"तोंड धू आणि बाहेर येऊन बस," मी म्हटलं.

"आई, नको."

"आत बसलास तर लोक विचार करत बसतील की आत का बसलाय. चल."

मी आधी बाहेर गेले. केळ्याचे तळलेले काप दाबून चपटे करायचे राहिले होते, ते दाबता दाबता मोठ्याने म्हणाले, "चागो, भांडण मिटव. मीच सांगितलं होतं त्याला. कुणा आईच्या लेकराच्या अंगावर चेंडू टाकलास तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस, म्हटलं."

चागो मांडीवर थाप मारून असा हसला की वस्तरा खाली पडला.

"म्हणजे खूण मॅनेजरची आणि हुकूम आईसाहेबांचा, डोन्या फिदेलीनाचा! अरे, चौतीस वर्षांचा घोडा आईला विचारून चेंडू टाकतो!"

नेरेओने डॉमिनोच्या सोंगट्या उलट्या केल्या. त्याचा सज्जन मी आईच्या पदराला बांधून मोडून टाकला होता.

रादामेस येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. चागोने झाडाखालच्या टोपलीतून एक संत्रं उचललं. "घे, आईच्या लाडक्या!" म्हणत फेकलं.

रादामेसने ते डाव्या हाताने अलगद झेललं. उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा झेलायचा हात तोच, कुणाला काही वाटलं नाही.

"आता परत टाक! बघू, आईची परवानगी आहे का!" चागोने दोन्ही पंजे पुढे केले. सगळे माना वळवून बघू लागले. गिऱ्हाईकसुद्धा, अर्धी दाढी फेसात.

रादामेसने संत्रं उजव्या हातात घेतलं. हात मांडीवरून उठला नाही.

मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"माझ्या दारात खायच्या वस्तू फेकायच्या नाहीत," मी म्हटलं आणि सुरी घेतली. साल न तोडता सलग उतरवली, कढईकडे बघत. मग एकेक फोड त्याच्या डाव्या हातावर ठेवत गेले. तो खात गेला.

"बघा, बघा, भरवतेय!" चागो म्हणाला.

गल्लीभर हसू पसरलं. मी पुढची फोड सोडवली.