हत्तीनं खाल्लेली टीसी

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, असं मी खिडकीपलीकडच्या राजगोपालांना आधीच बजावून ठेवलं. माझाही बसला नसता. पण काय करणार सार, म्हटलं, माझ्या नातीची टीसी हत्तीनं खाल्ली.

राजगोपालांनी चष्मा कपाळावर चढवला. कॉलेजचा सर्व्हर बसला होता, त्यांच्या पडद्यावर नुसतं एक चाक गरगरत होतं, आणि ऐकण्याखेरीज त्यांना दुसरा उद्योग नव्हता. ते चाक फिरतंय तोवरच माझं राज्य, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खरं काय झालं ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही काही बी.कॉम.ची जागा देणारे नाही.

माझी नात कौमुदी. मैलापूरच्या या कॉलेजात तिचं नाव लागलं, आणि आज दुपारी एकच्या आत मूळ कागद दाखवून नोंदणी करायची होती. नाही केली, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीची. गुणपत्रकं, फोटो, आधारच्या प्रती, सगळं जुळवलेलं. टीसी म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला. तो मात्र मूळचाच लागतो, झेरॉक्सला इथं कुणी हात लावत नाही. सूनबाई यामिनी बँकेत, तिच्याकडं ऑडिट, म्हणून सोबतीला मी. आणि निघताना आमच्या अन्नपूर्णाबाईंचा, म्हणजे बायकोचा, हुकूम: आधी पिळ्ळैयारच्या पायाला लावायचं, मग खिडकीवर ठेवायचं.

पिळ्ळैयार म्हणजे इथला गणपती. कॉलेजच्या अलीकडच्या गल्लीत त्याचं एक इवलंसं देऊळ आहे. प्रवेशाच्या दिवसांत तिथल्या गुरुक्कलांच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या, ताटात नारळ कमी आणि कागदांची पाकिटं जास्त. आईबाप निकाल लागल्यापासून त्याच्या मागं लागलेले असतात, टीसी बाकी कागदांत मिसळू नये म्हणून वेगळ्या पाकिटात घालून आणतात, आणि पाकीटही सगळ्यांचं एकाच कोपऱ्यावरच्या दुकानातलं, निळ्या बटणाचं. गुरुक्कलांनी ती सगळी एकदम उचलली, देवाच्या पायाला टेकवली, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर गंधाचं बोट उठवलं आणि पत्ते वाटावेत तशी वाटून टाकली.

कॉलेजच्या फाटकात कौमुदीनं बटण उघडलं. आतली टीसी कुणा कीर्तना नावाच्या पोरीची. गंध जागच्या जागी, मुलगी भलतीच.

पोरगी रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती तमिळमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, मग मला मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही रांगेत उभे राहा. कुणाला काही सांगू नका. आणि गोष्टी तर मुळीच नकोत." कीर्तनाची टीसी माझ्या पिशवीत कोंबली आणि देवळाकडं धावत सुटली.

तर मी उभा. पंखे गरम हवा या टोकाकडून त्या टोकाला ढकलत होते. दर दोन मिनिटांनी मी फाटकाकडं बघायचो, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग पिशवीकडं. टीसीवर शाळेचा फोन होता, तो नुसता वाजत राहिला. माझ्या पुढच्या गृहस्थांची टीसी हरवली होती, आणि त्यांनी तसं सरळ सांगून टाकलं. राजगोपालांनी त्यांना तितक्याच सरळपणे समजावलं की हरवली असेल तर आधी पोलिसात तक्रार, मग शाळेत अर्ज, मग दुसरी प्रत, आणि तोवर जागा थांबत नसते. गृहस्थ घाम पुसत निघून गेले.

तेव्हा 'हरवली' म्हणायची सोय उरली नाही. 'बदलली' म्हणावं, तर परक्या मुलीचा मूळ दाखला तुमच्या पिशवीत कसा, हा पुढचा प्रश्न. राहता राहिला हत्ती.

हत्तिणीचं नाव मी भवानी ठेवलं. नाव दिलं की जनावराला वजन येतं. उत्सवासाठी तंजावरकडून आणलेली, वयानं माझ्याएवढी, स्वभावानं माझ्या बायकोसारखी. देवळात गाभाऱ्याशी उभी होती. मी केळं पुढं केलं, तिनं केळं सोडून टीसी घेतली. राजगोपालांनी विचारलं, सगळी खाल्ली का? म्हटलं, आधी शाळेचा शिक्का, मग हेडमास्तरांची सही, आणि शेवटी चांगल्या वर्तणुकीचा शेरा. तो मात्र जरा चावून चावून खाल्ला.

रांगेत हशा पिकला. माझ्या मागं एक बाई होत्या, गजरा माळलेल्या, छातीशी पाकीट घट्ट धरलेल्या. तेवढ्या हसल्या नाहीत. हळू बोला ताता, माझं डोकं दुखतंय, असं मला आधी दोनदा सुनावून झालं होतं; ताता म्हणजे इथले आजोबा. त्यांचंही लक्ष माझ्यासारखंच घड्याळाकडं. रांगेतलं कुणीतरी त्यांना अलमेलूअम्मा म्हणत होतं.

फोन थरथरला. कौमुदी. देऊळ बंद झालंय, गुरुक्कल घरी गेलेत, फूलवालीला पत्ता विचारून ती त्यांच्या घराकडं निघाली होती. धापा टाकत होती. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, तू सावकाश ये. हे मी आख्ख्या सकाळीत बोललेलं सगळ्यात मोठं खोटं.

तेवढ्यात ते चाक थांबलं.

राजगोपाल एकदम सरळ बसले. चष्मा नाकावर आला आणि त्याबरोबर चेहराही बदलला. त्यांनी टोकन पुकारलं, कौमुदी, बी.कॉम. मी गुणपत्रकं सरकवली, फोटो सरकवले, आधार सरकवलं. हात पुढंच राहिला. मी भवानीला पुन्हा आणू पाहिलं. तिची सोंड, तिचे डोळे, माहुताचं रडणं.

"सार," राजगोपाल म्हणाले, "फॉर्ममध्ये हत्तीचा रकाना नाही. बाजूला उभे राहा. एकपर्यंत टीसी आली तर बघू."

घड्याळात एकला फार वेळ उरला नव्हता. मी बाजूला झालो. उभ्या जन्मात गोष्ट सांगून माझं तोंड कधी सुकलं नव्हतं, ते तेव्हा सुकलं. फाटकात कुणी नाही. पुढची मुलगी, प्रतीक्षा यादीतली, तिथंच कुठंतरी बाकावर बसली असणार, असं वाटून मी एकेका पोरीचा चेहरा बघू लागलो.

अलमेलूअम्मा खिडकीशी आल्या. पाकिटावर गंधाचं बोट. इतका वेळ त्यांनी ते उघडलं नव्हतं. देवाच्या पायाचं पाकीट उगाच कोण उघडतं? त्यांनी बटण काढलं, कागद अर्धा ओढला, वाचला आणि तसाच धरून ठेवला. राजगोपालांनी हात पुढं केला, पण त्यांनी कागद दिला नाही. सावकाश माझ्याकडं वळल्या. माझा हात आपोआप पिशवीत गेला.

"ताता, त्या पिळ्ळैयारच्या देवळात माणूससुद्धा वाकून शिरतो," त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी सकाळी तिथंच होते. तुमची भवानी कुठून शिरली? आणि तिनं खाल्लेली कौमुदी जर माझ्या पाकिटात आहे, तर माझी कीर्तना कुणी खाल्ली?"