बाबांचं अक्षर

आष्टीच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मधुकररावांनी रंगवलेल्या. हात थरथरायला लागला तसा त्यांनी ब्रश ठेवला आणि ते सेलूला मुलीकडे, रीताकडे राहायला आले. रीता घरूनच कॉम्प्युटरवर लोकांची कामं करायची. तिने जुन्या पाट्यांचे फोटो काढून, एकेक अक्षर गिरवून वडिलांच्या वळणाचा फॉन्ट बनवला. दीड वर्ष लागलं. त्यातले आठ महिने नुसती जोडाक्षरंच चालली होती.

भाजीवाल्यांच्या गटाचं वेब पेज तीच सांभाळायची. रोजचे भाव, बाजाराच्या सूचना त्यावर यायच्या. त्या पेजला तिने हा फॉन्ट लावला. बाबा चष्मा लावून लॅपटॉपपुढे बराच वेळ बसले.

चौथ्या दिवशी दुपारी गटातल्या हिंगणीच्या रुख्माबाई दारात आल्या. मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन टोपल्या घेऊन त्या सकाळच्या पहिल्या एसटीने आल्या होत्या, आणि बाजार बंद होता. उघडेल म्हणून त्या दुपारपर्यंत तिथेच बसल्या होत्या. सूचना तर कालच टाकली होती, असं रीता म्हणाली. रुख्माबाईंनी फोन काढून तिच्या हातात दिला.

"काल सांजेपासून पाहून राह्यली, पोरी. कोरंच दिसते. मले वाटलं, सूचनाच नाई."

फोन जुना होता. भावांच्या तक्त्याच्या रेघा दिसत होत्या, आत अक्षर एकही नव्हतं. रीताच्या लक्षात आलं. फॉन्टची फाइल जड होती, हिंगणीला नेटवर्क अर्धंमुर्धं, आणि फॉन्ट उतरेपर्यंत हा फोन काहीच दाखवत नव्हता. तिने माफी मागितली. रुख्माबाई पाणी प्यायल्या, कोमेजलेली मेथी तिथेच ठेवून परत निघाल्या. रागावल्या असत्या तर रीताला बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस रीता गटातल्या लोकांचे फोन मागून बघत होती. तिने फाइल हलकी केली, तेव्हा काही फोनांवर श्र आणि ज्ञ तुटले. फॉन्ट येईपर्यंत साधी अक्षरं दाखवावीत, अशी सोय केली. नव्या फोनांनी ती मानली, जुन्यांनी नाही. निदान मथळा तरी बाबांच्या अक्षरात ठेवू म्हणून पाहिलं. तोही कोराच आला. सगळीकडे न चुकता दिसत होता तो फक्त फोनमध्ये आधीपासून असलेला साधा फॉन्ट.

तिने तोच लावला आणि मग बाबांना सांगितलं. त्यांनी पेज दाखवायला लावलं.

"याचा ळ पाहा," ते म्हणाले. "कसा काढला."

"हो, बाबा."

"रुख्माबाईच्या फोनवर दिसते का?"

"दिसेल."

"मंग राहू दे."

ते उठून भिंतीला धरत आत गेले. जेवायला हाक मारली तर नंतर जेवतो म्हणाले.

रीताने रुख्माबाईंना फोन लावला आणि पेज उघडायला सांगितलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, दिसते म्हणून. सावकाश वाचत त्यांनी खात्री करून घेतली, की उद्या बाजार सुरू आहे. मग एसटी आली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रीताने लॅपटॉप मिटला आणि ती भर दुपारी तिथेच सतरंजीवर आडवी झाली. झोप मात्र लागली नाही.