सुंदरबाईची वाटी

सकाळी ओट्यावर चार माणसं जमली की अभिमनचा खांदा दुखायला लागे. मग तो सदरा काढून बसे आणि सुंदरबाईला हाक मारी. ती करंजीचं तेल कोमट करून आणी नि काशाच्या वाटीच्या बुडानं नवऱ्याचा खांदा मानेपासून दंडापर्यंत घासू लागे.

"जरा धीरे वं! लाठी बसेल शे तठे," अभिमन कण्हत म्हणे. माणसं चुकचुकत. सुंदरबाईला त्या माणसांचीही किळस येई.

बेचाळीसच्या मोर्च्यात पोलिसांची शिट्टी वाजताच अभिमन एका भिंतीवरून पलीकडे उडी मारायला गेला होता आणि थेट म्हशीच्या गव्हाणीत आपटला होता. ती म्हैस सुंदरबाईच्या बहिणीची. त्या बहिणीनंच त्याला कडब्यातून ओढून काढलं. पहिले दोन-तीन महिने खांदा खरंच धरला होता, वाटीखाली गाठी लागायच्या. आता दीड वर्षानं तिथे नुसतं मऊ, पोसलेलं मांस होतं.

त्याच मोर्च्यात पकडलेला झुलाल तुरुंगातून सुटून आला, तो अभिमनच्या ओट्यावर बसला. त्याचा उजवा कोपर सरळ होत नव्हता. सुंदरबाईकडून खांदा घासून घेत अभिमननं त्यालाही आपली लाठी ऐकवली.

"मी पुढेच व्हतू," झुलाल शांतपणे म्हणाला. "माले तू दिसना नही."

"गर्दी केवढी व्हती!" अभिमन म्हणाला आणि जोरानं कण्हला.

सुंदरबाईचा हात थांबला. या माणसाचं कण्हणं आपण दीड वर्ष चोळत बसलो, याची तिला शिसारी आली. तिनं वाटी त्याच्यापुढे धरली. "ल्या. झुलालभाऊंना हात घासा."

"मना हात उचलास नही."

"काल लाकडे फोडात, तवय बरा उचलाई गया."

ओट्यावर कुणी हसलं नाही, तेच अभिमनला जास्त लागलं. त्यानं वाटी घेतली. झुलालनं दातओठ खाल्ले, पण तोंडातून आवाज काढला नाही. अभिमन मात्र घाम येईस्तोवर त्याच हातानं घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा बरा झाला. दुखणं कमरेत उतरलं होतं. तिथेही म्हणे लाठीच बसली होती. त्यानं आतून हाक मारली तेव्हा सुंदरबाई विळा घेऊन शेताच्या वाटेला लागली होती.