मांजर बघून घर

घर बघायला निघालेली माणसं आधी पाणी विचारतात, मग ऊन, मग शेजार. मालनताई भाटकर मांजर शोधत होत्या.

पहिली वसाहत मालगुंडच्या रस्त्याला होती. ज्येष्ठांसाठी मुद्दाम बांधलेली. ज्याचं त्याचं स्वतंत्र घर, स्वतंत्र स्वयंपाकघर, बाथरूममध्ये धरायला दांड्या, गॅलरीत उभं राहिलं की समोर समुद्र. मुलगी वेदिका ठाण्याहून रजा काढून आली होती ती या कामासाठीच. व्यवस्थापक एकेक सोय दाखवत होता आणि ती फोटो काढत होती. मालनताई मात्र जिन्याखाली वाकून बघत होत्या. कचऱ्याच्या डब्यांमागेही एक फेरी मारून आल्या.

"काही हरवलंय का आजी?" व्यवस्थापकाने विचारलं.

"इथे मांजर नाही का हो?"

"छे छे. प्राणी आम्ही आवारात येऊच देत नाही. स्वच्छता एकदम कडक."

मालनताईंनी मान डोलावली आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्या दृष्टीने जागा बघून झाली होती.

"मांजराचा काय संबंध, आई?" गाडी सुरू करताना वेदिकाने विचारलं.

"तोंडावर सगळेच हो म्हणतात. मासे करा, मटण करा, घर तुमचंच. मग राहायला गेल्यावर कळतं. मांजराला खोटं बोलता येत नाही. ज्या आवारात मांजर लठ्ठ, तिथे मासे शिजतात. आमच्या बुरोंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"बोटीवर उंदीर असले की बोट बुडायची नाही, असं आमच्यात म्हणायचे," मागच्या सीटवरून भाटकर म्हणाले. "तुझी आई मांजर बघते. ज्याची त्याची विद्या."

घर सोडायचं ठरलं होतं ते भाटकरांमुळेच. त्यांचं घर जांभ्याच्या पाखाडीच्या तळाशी. वर रस्ता, खाली अंगण, आणि मधल्या पायऱ्यांवर पावसाळाभर शेवाळ. जन्म बोटीवर काढलेला, वादळातही डेकवर कधी न घसरलेला माणूस गेल्या श्रावणात नारळांची पिशवी घेऊन त्या पाखाडीवर आपटला. नारळ त्यांच्याआधी घरी पोचले. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून वेदिकाने दोघांच्या मागे टुमणं लावलं.

ठाण्याला तिच्याकडे कायमचं जायला मालनताई तयार नव्हत्या. मागे महिनाभर राहून आल्या होत्या. एका रविवारी त्यांनी तिथे सुके बोंबील भाजले आणि सोमवारी लिफ्टमध्ये कागद लागला: उग्र वासाचे पदार्थ शिजवताना इतर रहिवाशांचा विचार करावा. खाली नाव नाही, गाव नाही. त्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलेला प्रत्येक जण त्यांच्याकडे बघून गोड हसला. बोललं कोणीच नाही. मालनताईंना लागलं ते हेच. उरलेले दिवस त्यांनी खिडक्या लावून, चोरी केल्यासारखा स्वयंपाक केला. पुन्हा तसं जगायचं नाही, हे त्यांनी गावच्या एसटीत बसतानाच ठरवलं होतं.

दुसरी वसाहत रत्नागिरीच्या वर, सड्याच्या उघड्या माळावर होती. बैठी घरं, एकाला एक लागून, पुढे ओटी आणि समोर जांभ्याच्या दगडांचा बुटका गडगा. त्या गडग्यावर एक तांबूस मांजरी पसरली होती. पोट दोन्ही बाजूंनी ओघळलेलं. गाडी येऊन थांबली तरी तिने फक्त एक डोळा उघडला.

"हे घर घ्या," मालनताई म्हणाल्या.

"अगो, आत तरी बघूया," भाटकर म्हणाले.

आत बघितलं. व्यवस्थापक दीपक तिथल्याच वाडीतला, सरळ मुलगा. "आधी आठ दिवस राहून बघा," तो म्हणाला. "पटलं तर पुढचं." वेदिकाने दोघांचं सामान आणून टाकलं, औषधं कपाटात लावली आणि ती ठाण्याला परत गेली.

पहिल्या दुपारी भाटकर जरा लवंडले आणि शेजारून पेटी सुरू झाली. शेजारी लिमयेबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्या एकच ओळ वाजवत होत्या, एकाच जागी अडखळत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून येत होत्या. भाटकरांनी उशी कानावर घेतली.

"जाऊन सांगू का?" मालनताईंनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी कशाला? राहू दे."

दुसऱ्या दिवशी बुधवार. मालनताई सकाळीच रिक्षा करून मिरकरवाड्याच्या बंदरावर गेल्या आणि फडफडीत ताजे बांगडे घेऊन आल्या. मागच्या दारी बसून साफ केले. मुंडकी केळीच्या पानावर काढून गडग्याजवळ नेऊन ठेवली आणि मानाने बाजूला झाल्या. शेवटी या घरची शिफारस त्या मांजरीनेच केली होती.

मांजरी आली. पानाभोवती फिरली. एका मुंडक्याला नाक लावलं, पाय झटकला, आणि शेजारच्या ओटीवर निघून गेली. तिथे लिमयेबाई हातातलं पाकीट खुळखुळवत उभ्या होत्या. त्यांनी वाटीत तपकिरी गोळ्या ओतल्या. मांजरी कुडुमकुडुम खायला लागली.

मालनताई घरात येऊन खुर्चीवर बसल्या.

"अहो, त्या मांजरीला मासा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ती पाकिटातलं खाऊन फुगलेय."

भाटकर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तरी म्हणत होतो, घर आत जाऊन बघ."

"हसू नका. आता करू काय? बांगडे मीठ-मसाला लावून ठेवलेत."

"तळ. मला भूक लागलेय."

मालनताईंनी तवा ठेवला आणि हात आपोआप खिडकीकडे गेला. एक झडप लावली. दुसरी लावणार तेवढ्यात भाटकर दारातून म्हणाले, "झाकून तळणार असलीस तर मग कायमचंच झाकून तळावं लागेल, मालन. त्यापेक्षा आपली पाखाडी बरी."

मालनताईंनी लावलेली झडप पुन्हा उघडली, मागचं दारही उघडलं आणि पहिला बांगडा तव्यावर सोडला. हळद, तिखट, कोकमाचं आगळ आणि खोबरेल तेल यांचा वास ओटीवरून ओटीवर जात ओळीच्या टोकापर्यंत पोचला असणार. शेवटचा बांगडा ताटात काढला तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजली.

दारात लिमयेबाई होत्या. नाकाला पदर.

"स्पष्ट बोलते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "मला हा वास सहन होत नाही. डोकं चढतं."

मालनताईंनी दार पूर्ण उघडलं. कागद नाही, गोड हसणं नाही. बाई स्वतःच्या पायांनी चालत आली होती आणि तोंडावर बोलत होती.

"वास येणारच," मालनताई म्हणाल्या. "मासे मी सोडणार नाही."

"सोडा कोण म्हणतंय? आधी हाक मारा. मी खिडकी लावून देवळात जाऊन बसेन. पण रोज रोज देवळात बसायला मी काही संत नाही."

"बुधवार, शुक्रवार, रविवार."

"शुक्रवार सोडा."

"शुक्रवार नाही सुटायचा. हवं तर शुक्रवारी नुसतं कालवण करीन, तळणार नाही."

लिमयेबाईंनी विचार केला. "चालेल."

"आणि दुपारची तुमची पेटी. आमच्या ह्यांचा डोळा लागत नाही."

"मग काल बोलला का नाहीत?"

आतून भाटकर म्हणाले, "मीच नको म्हटलं, बाई. पण ती मधली जागा एकदा नीट वाजवा. आम्हालाही पुढे काय आहे ते कळू दे."

लिमयेबाईंच्या नाकावरचा पदर जरासा खाली आला. "चहानंतर वाजवीन," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर मालनताईंच्या खांद्यावरून आत गेली. "अहो, ताट."

तांबूस मांजरी मागच्या दाराने आत शिरली होती. कच्च्या मुंडक्यांना जिने नाक मुरडलं होतं, ती तळलेला अख्खा बांगडा तोंडात धरून टेबलाखालून निघाली होती, आणि भाटकर तिला अडवायचं सोडून वाट करून देत होते.

"बिघडवलीत माझी पोर," लिमयेबाई म्हणाल्या. "आता त्या गोळ्या ती कशाला खातेय?"

"बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे पाठवा," मालनताई म्हणाल्या. "शुक्रवारी तुमच्याकडे उपास."

संध्याकाळी वेदिकाचा फोन आला तेव्हा भिंतीपलीकडे पेटी चालू होती आणि भाटकर बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते.

"आई, कसं वाटतंय? शेजार कसा आहे?"

"भांडायला दारात येतो."

"अगंबाई. मग दीपकला नको म्हणून कळवू का?"

"नको काय? हो म्हणून कळव," मालनताई म्हणाल्या. "आणि येताना माझा बिडाचा तवा घेऊन ये. इथला तवा पातळ आहे, बांगडा खाली लागतो."