घेता का?

साहेब, माझ्या नवऱ्याला दारुडा तुम्ही केलंत. मान वर न करता केलंत. मी तिथंच उभी होते, तुमच्या टेबलाला टेकून.

आमचे हे लॉन्ड्रीत डाग काढतात. सव्वीस वर्षं. मी त्याच लॉन्ड्रीत इस्त्री करते. तेल, शाई, रक्त, लिपस्टिक, काहीही असो; मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसायचं, फडक्यावर औषध घ्यायचं आणि कडेकडून आत टिपत यायचं. डाग काढायच्या त्या उग्र पाण्याला आम्ही औषधच म्हणतो. यांचे डोळे पिवळे झाले, जेवण जाईना, म्हणून तुमच्याकडे आलो. हे सांगायला लागले, "साहेब, माझं काम डागाच्या औषधाचं..." तुम्ही मधेच तोडलंत.

"घेता का?"

"घेतो की." कामाचं कुणी विचारलं की यांना भरतं येतं.

"रोज?"

"रोज. घेतल्याशिवाय भागतच नाही. दोन बाटल्या. गर्दी असली की तीन."

"किती वर्षं?"

"सव्वीस!" छाती फुगवून.

मलाही वाटलं, कामाचंच विचारताय. तुम्ही खरडलंत, "सोडा, नाहीतर मराल" म्हणालात आणि पुढच्याला बोलावलंत.

घरी लेकीनं कागद वाचला. मद्यपानामुळे यकृताला सूज. "बाबा?" एवढंच म्हणाली.

यांनी आयुष्यात थेंब चाखलेला नाही. तरी म्हणाले, "मोठे डॉक्टर आहेत. काहीतरी बघूनच लिहिलं असेल." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत. संध्याकाळी आले की लेक पाण्याचा पेला देताना जरा जास्तच वाकायची. वास घ्यायची. वास यायचाच, औषधाचा. ती मान फिरवून आत जायची आणि हे भरला पेला हातात धरून बसून राहायचे.

तीन आठवड्यांनी रक्त तपासून घ्यायला गेलो. नर्सनं फाईल पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, सोडायला सांगितलं होतं ना? काय घेता एवढं?"

"डागाचं औषध."

"ते पिता?"

"अगं बाई, प्यायचं कशाला? फडक्यावर घेतो!"

ती इतकी हसली की सुई खाली ठेवावी लागली. मग एकदम पुढे वाकली. यांच्या शर्टाची बाही हुंगली. "खोलीला खिडकी आहे?"

"नाही."

"काका, यकृत म्हणजे पोटातली लॉन्ड्री. दारू आली की ते आधी तिचं वेगळंच काहीतरी करतं, दारूहून जहाल. मग तेही धुऊन सौम्य करतं, आणि शेवटी उरतं पाणी नि श्वासातून जाणारी हवा. तुमचं औषध दारू नव्हे, पण त्याची वाफ नाकातून रक्तात जाते. ती निस्तरायलाही तेच. धुऊन धुऊन आता ते स्वतःच विरलंय."

"म्हणजे इतकी वर्षं ते बिचारं माझे डाग काढत होतं?"

तिनं आम्हाला हाताला धरून शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी घातली. मालकाला मीच सांगितलं, भिंत फोडून खिडकी काढा, नाहीतर उद्यापासून इस्त्री तुम्हीच करा. चार महिन्यांत यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. त्या नर्स पोरीचं भलं होवो. ती हसायला थांबली, म्हणून आमचं माणूस राहिलं.

आता अंघोळ झाली की हे उजव्या बरगडीखाली हात ठेवतात. "दमलात का? उपकार झाले हो तुमचे." यकृताला अहो-जाहो! मला सव्वीस वर्षांत एकदा विचारलं नाही, दमलीस का म्हणून. पण मीही मनात त्याला हात जोडते. लेक आता पेला देते आणि जवळच बसते. हे पाणी पितात.

तुमचा शब्द मात्र फाईलमध्ये तसाच आहे. दवाखान्यातल्या कागदपत्रांच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, लिहिलेलं खोडत नाहीत. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "बॉलपेनची शाई आहे, मी काढीन. पण कागद फाटेल गं."

म्हणून तो डाग तुम्हीच काढायचा, साहेब. आणि काढताना एवढं सांगायचं. घेता का, विचारलंत. रोज का, विचारलंत. किती वर्षं, तेही विचारलंत.

काय घेता, हे का नाही विचारलंत?